नाटकमंडळी कशी पाहावी?

सांगलीस आमच्या शेजारीं एक सुविद्य गृहस्थ राहतात. घरीं पाहुणा आला म्हणजे ते त्यास आयर्विन पूल दाखवितात, गणपतीचें देऊळ दाखवितात, आणि परत येतांना विष्णुदास भावे नाट्यमंदिरासमोर थांबून मोठ्या अभिमानानें सांगतात कीं, आमची सांगली ही नाट्यपंढरी आहे. एकदां मीं त्यांना सहज विचारलें, "नानासाहेब, सांगलीच्याच मंडळींनीं केलेलें नाटक आपण शेवटचें कधीं पाहिलेंत?" नानासाहेबांनीं चष्मा काढून पुसला, थोडा विचार केला आणि म्हणाले, "मास्तर, पुण्या-मुंबईचें चांगलें नाटक आलें म्हणजे आम्ही सहकुटुंब जातों. पण इथलीं पोरें दिवसभर कचेरींत राबून संध्याकाळीं नाटक करणार. त्यांत पाहायचें तें काय?"

श्रोतेहो, आजचें माझें भाषण म्हणजे या प्रश्नाला सुचलेलें उशिराचें उत्तर आहे. नानासाहेबांना मी हसूं शकत नाहीं. माझी सारी नोकरी सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांतील शाळांत झाली, आणि तिच्या पहिल्या वीस वर्षांत मला कोणी विचारलें असतें तर मीहि हेंच बोललों असतों. नाटक पाहण्याची हौस मला लहानपणापासून होती. पण नाटक पाहणें म्हणजे मुख्य नटाकडे पाहणें, अशीच माझी समजूत होती. स्थानिक नाटकांत मोठा नट क्वचित् भेटतो. तेव्हां तेथें पाहण्यासारखें कांहीं नाहीं, हा निष्कर्ष आपोआपच निघे.

आपल्या भाषेंत नाटक करणाऱ्यांना 'मंडळी' हा शब्द आहे, आणि तो उगाच आलेला नाहीं. सांगलीचे अधिपति चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या पदरीं असलेल्या विष्णुदास भावे यांनीं ५ नोव्हेंबर १८४३ रोजीं 'सीतास्वयंवर' हा खेळ केला. कर्नाटकांतून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ राजेसाहेबांनीं पाहिले होते, व तसेंच परंतु अधिक नीटनेटकें असें कांहीं मराठींत व्हावें अशी त्यांची इच्छा होती. एवढी हकीकत शाळेंतल्या मुलांनाहि ठाऊक असते. तो खेळ चाले कसा, हें मात्र फारसें कोणी सांगत नाहीं. सूत्रधार आणि त्याचे साथीदार सबंध खेळभर रंगभूमीवरच असत. आधीं मंगलाचरण होई. मग विदूषक येई, मग गणपति, मग सरस्वती, आणि त्यानंतर आख्यानाला प्रारंभ होई. आख्यानांतलीं पद्यें भाव्यांनीं रचलेलीं असत. पात्रांचीं भाषणें मात्र लिहिलेलीं नसत. सूत्रधार पद्य गाई, त्याचा अर्थ धरून पात्र आपल्या मनचीं वाक्यें बोले, आणि त्याचें बोलणें पुरें झालें असें पाहून सूत्रधार पुढचें पद्य उचली.

आतां हें डोळ्यांसमोर आणून पाहा. रामाचें भाषण वाजवीपेक्षां लांबत चाललें आहे. सूत्रधारानें त्याला कोठें आवरावें? सीतेच्या वेषांतला मुलगा बोलतां बोलतां अडला. रामानें काय करावें? कोणाच्या हातांत पुस्तक नाहीं, आंतून वाक्य सांगणारा कोणी नाहीं. एकमेकांकडे कान देणें, याखेरीज त्या खेळाला दुसरा आधारच नव्हता. आणि लोकांच्या लक्षांत काय राहिलें? तर आरडाओरडा करीत येणारा राक्षस. पुढें शिकलेल्या लोकांनीं या साऱ्या नाटकांना 'अललडुर्र' असें चेष्टेचें नांव ठेवलें, तें त्या राक्षसाच्या आरोळीवरून. शेजारीं उभें राहून सगळा खेळ सांभाळणाऱ्या साथीदारांची नांवें किती जणांना सांगतां येतील? मोठ्यानें ओरडेल त्याच्याकडे पाहण्याची आपली खोड अशी पुष्कळ जुनी आहे.

१८५१ सालीं चिंतामणराव वारले आणि भाव्यांचा आश्रय तुटला. मंडळी घेऊन ते गांवोगांव निघाले, व १८५३ सालीं मुंबईस त्यांनीं तिकीट लावून खेळ केले. राजाच्या जागीं तिकीट काढणारा प्रेक्षक आला. हा बदल मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्या वाड्यांत खेळ करणाऱ्या प्रत्येक इसमास राजा ओळखत असला पाहिजे. कोण मन लावून काम करतो आणि कोण नुसता मिरवतो, हें त्याच्या नजरेंतून सुटत नसेल. ही पारख करण्याचें काम तिकिटाबरोबर आपल्याकडे आलें. तें आपण कधीं अंगावर घेतलेंच नाहीं.

साताऱ्याची गोष्टहि याहून वेगळी नाहीं. शाहूनगर म्हणजे सातारा. त्या नांवावरून १८८१ सालीं 'शाहूनगरवासी नाटक मंडळी' निघाली आणि गद्य नाटकांत तिनें मोठें नांव कमावलें. गोपाळ गणेश आगरकर हे कऱ्हाडजवळच्या टेंभूचे. त्यांनीं 'हॅम्लेट'चें 'विकारविलसित' केलें, आणि त्यांतला चंद्रसेन या मंडळीच्या गणपतराव जोशांनीं असा उभा केला कीं, त्यांचें नांव दंतकथेसारखें झालें. आमच्या लहानपणीं म्हातारी माणसें अजून गणपतरावांच्या गोष्टी सांगत. त्यांनीं त्या आपल्या वडिलांकडून ऐकलेल्या असत. पण त्याच मंडळींत बळवंतराव जोग होते. 'त्राटिका' नाटकांत गणपतराव प्रतापराव होत, तर बळवंतराव त्राटिका होत. हें नाटक ज्यांनीं वाचलें असेल त्यांना सांगावयास नको कीं, समोरची त्राटिका लेचीपेची असेल तर प्रतापरावाचा सगळा रुबाब हवेंत तलवार फिरविल्यासारखा दिसेल. शिवाय प्रोफेसर वासुदेव बाळकृष्ण केळकरांसारखा विद्वान् या मंडळीला तालीम देत असे. म्हणजे चंद्रसेनाच्या मागें केवढी मंडळी उभी होती पाहा! आणि गंमत अशी कीं, खुद्द 'हॅम्लेट'मध्येंच नाटकवाल्यांना उपदेश करण्याचा एक प्रवेश आहे. विदूषकानें नेमून दिलेल्यापेक्षां अधिक बोलूं नये, कारण त्याच्या हशांत नाटकांतली मुद्द्याची गोष्ट बुडून जाते, अशी राजपुत्राची तक्रार आहे. ही तक्रार मंडळी ओळखणाऱ्या माणसाची आहे.

युरोपांत ही दृष्टि आणण्यास एक लहानसें संस्थानच कारण झालें, ही गोष्ट सांगलीकरांनीं लक्षांत ठेवण्याजोगी आहे. जर्मनींतील सॅक्स-मायनिंगेनचे ड्यूक दुसरे जॉर्ज यांच्या मंडळीनें १८७४ पासून १८९० पर्यंत युरोपभर दौरे केले. त्यांत नियम असा होता कीं, आज ज्यानें मुख्य भूमिका केली त्यानें उद्यां दुसऱ्या नाटकांत गर्दींतला माणूस म्हणून उभें राहावयाचें. गर्दीचे लहान लहान गट पाडून प्रत्येकावर एक अनुभवी नट नेमलेला असे. १८९० सालीं ही मंडळी मॉस्कोस गेली असतां स्टॅनिस्लाव्स्की यांनीं ती पाहिली. पुढें १८९८ सालीं नेमिरोविच-दानचेंको यांच्यासह त्यांनीं मॉस्को आर्ट थिएटर काढलें, तेव्हां हा धडा ते विसरले नव्हते.

इतक्या लांब जाण्याचेंहि वस्तुतः कारण नाहीं. सांगलीपासून थोड्याच अंतरावर कवलापूर आहे. तेथले काळू-बाळू हे बंधू जत्रेंत उभे राहिले म्हणजे एकानें वाक्य टाकावें आणि तें जमिनीवर पडण्यापूर्वीं दुसऱ्यानें झेलावें, असा तो खेळ असे. पट्ठे बापूराव हेहि याच मुलुखांतले, वाळवें तालुक्यांतील रेठरे हरणाक्षचे. तमाशाचें नांव काढलें कीं आपल्या पांढरपेशा घरांतून अजूनहि भुंवया वर चढतात. परंतु वगांतली ढोलकी वाजविणाऱ्याचे डोळे कोणाकडे असतात, आणि मागें उभा राहून झील धरणारा सुरत्या सोंगाड्याच्या बोलण्यांत किती जागा सोडतो, हें ज्यानें एकदां पाहिलें त्याला भाव्यांच्या सूत्रधाराची कल्पना करण्यास पुस्तक लागणार नाहीं.

हें सगळें मी आज शहाणपणानें सांगत आहें. मला तें कळलें कसें, तेंहि सांगितलें पाहिजे. आणि तें सांगतांना थोडी लाज वाटते.

बऱ्याच वर्षांपूर्वीं एका तालुक्याच्या गांवीं शालेय एकांकिकांची स्पर्धा होती व तिघां परीक्षकांपैकीं मी एक होतों. एका लहान खेड्यांतल्या शाळेचें नाटक चालूं असतां मध्येंच वीज गेली. सभागृहांत काळोख झाला, मुलें शिट्या मारूं लागलीं. नाटक एका शेतकरी कुटुंबाचें होतें व सामानांत एक खराखुरा, तेल घातलेला कंदील होता. घरगड्याचें काम करणारा एक मुलगा होता. त्याला सबंध नाटकांत दोनच वाक्यें होतीं. त्यानें कंदील पेटवला, आणि जो बोलेल त्याच्याजवळ तो गडी म्हणूनच, पाठींत वांकून, उजेड घेऊन उभा राहूं लागला. हें पाहतांच बाकीचीं मुलें आपापल्या जागा सोडून हळूहळू त्याच्याभोंवतीं सरकलीं. आजी झालेल्या मुलीनें जातां जातां "आज लवकर रात्र झाली बाई," असें एक वाक्य आपल्या पदरचें घातलें. पांच-सात मिनिटांनीं दिवे आले तेव्हां नाटक एका वाक्यानेंहि मागें पडलेलें नव्हतें.

मीं काय केलें? माझ्या कागदावर 'हालचाली मर्यादित' असा शेरा लिहिला आणि गुण कापले. पहिलें बक्षीस आम्हीं दुसऱ्या एका शाळेला दिलें. तिच्या नाटकांत एका देखण्या मुलानें शेवटीं पांच मिनिटें जोरदार भाषण केलें होतें आणि टाळ्यांचा कडकडाट झाला होता. बक्षीस-समारंभ आटोपल्यावर तेथले म्हातारे पेटीवाले माझ्याजवळ आले. अतिशय सौम्यपणें त्यांनीं विचारलें, "गुरुजी, त्या कंदीलवाल्या पोराला किती गुण दिलेत?" मीं कागद उलटासुलटा करून पाहिला. अभिनयाच्या रकान्यांत त्याचें नांवच नव्हतें. पेटीवाले कांहीं बोलले नाहींत. नमस्कार करून गेले. पुढच्या वर्षीं त्या खेड्यांतली शाळा स्पर्धेला आली नाहीं. तिचें कारण वेगळेंहि असेल. पण तें विचारण्याचें धैर्य मला झालें नाहीं.

त्यानंतर मी नाटक पाहावयास पुन्हां शिकलों. ही विद्या अवघड नाहीं. तिला फक्त आपली नजर जाणूनबुजून वळवावी लागते.

पहिली गोष्ट, बोलणाऱ्यावरून दृष्टि काढून ऐकणाऱ्यावर ठेवावी. हरिपूरच्या गोविंद बल्लाळ देवलांचें 'शारदा' आपणां सर्वांच्या परिचयाचें आहे. १८९९ पासून आजतागायत त्याचे खेळ होत आले आहेत. देवल हे नाटककार तर होतेच, पण तालीममास्तर म्हणूनहि त्यांची ख्याति होती. या नाटकांत कांचनभट पैशांच्या गोष्टी बोलूं लागला कीं सगळें प्रेक्षागृह त्याच्याकडे पाहतें. तुम्हीं तेवढा वेळ इंदिराकाकूकडे पाहावें. मुलीचा सौदा होत असतां त्या बाईचे हात काय करीत आहेत? ती नटी आपलें पुढचें वाक्य येण्याची वाट पाहत उभी असेल, तर ती मंडळी अद्याप कच्ची आहे. ती ऐकत असेल, आणि ऐकतां ऐकतां तिच्यांत कांहीं बदलत असेल, तर कांचनभटाचें काम करणाऱ्याचेंहि श्रेय अर्धें तिला द्यावें.

विजय तेंडुलकरांचें 'शांतता! कोर्ट चालू आहे' हें १९६७ सालचें नाटक यासाठीं मला फार उपयोगी पडलें. हौशी मंडळींना तें आवडतें, आणि आवडावेंच; कारण त्यांतलीं माणसें हीं स्वतःच एक हौशी मंडळी आहेत. परगांवीं प्रयोगाला आलीं आहेत, संध्याकाळपर्यंत वेळ काढावयाचा आहे, म्हणून गंमतीनें खोटा खटला उभा करतात, आणि बेणारे बाईंना आरोपी करतां करतां ती गंमत राहत नाहीं. बहुतेक माणसें सतत समोर असतात. कोणाला विंगेंत लपतां येत नाहीं. अशा वेळीं वकील झालेल्या सुखात्म्यांचा आवाज ऐकावा, पण डोळे सामंतावर ठेवावे. हा त्या गांवचा साधा माणूस, मंडळींतला नव्हे. खेळ कोठें संपला आणि छळ कोठें सुरू झाला, हें त्याला किती उशिरां कळतें? कळल्यावर तो काय करतो? एका प्रयोगांत सामंताचें काम करणारा तरुण बाई गप्प झाल्यापासून एकदांहि त्यांच्याकडे सरळ पाहूं शकला नाहीं. खुर्चीच्या पाठीवरून नुसता बोट फिरवीत राहिला. त्या रात्रीं मला बेणारेपेक्षां त्याची अधिक आठवण राहिली, आणि बेणारेचें दुःखहि मला त्याच्याच बोटावरून कळलें.

दुसरी पाहण्याची जागा म्हणजे चूक. व्यावसायिक नाटकांत चुका कमी असतात, म्हणून त्या बाबतींत शिकण्यास हौशी नाटक बरें. कोणी वाक्य विसरला, दार उघडेना, वाजणारा दूरध्वनि वाजलाच नाहीं. अशा वेळीं चुकणाऱ्याकडे न पाहतां इतरांकडे पाहावें. जुळलेल्या मंडळींत चूक एकाची असते आणि ती सगळ्यांनीं मिळून पुसलेली असते. न जुळलेल्या मंडळींत बाकीचे चटकन् चुकलेल्याकडे बघतात. त्यांच्या बघण्यावरूनच प्रेक्षकांना चूक कळते.

प्रवेश बदलतांना काळोखांत काय चालतें तिकडेहि कान द्यावा. सामान हलविणारीं माणसें एकमेकांना हांका मारीत असतील, तर तालीम फक्त नटांची झालेली आहे. न बोलतां टेबल गेलें, पलंग आला आणि दिवा वेळेवर लागला, म्हणजे समजावें कीं या मंडळींत खिळे ठोकणाऱ्यालाहि नाटक पाठ आहे.

येथें एक इशारा देतों. आपल्या गांवचें म्हणून कौतुक करण्याची एक रीति आहे, ती मला पसंत नाहीं. "छान झालें हो, नोकरी सांभाळून करतां, एवढें पुष्कळ आहे," असें म्हणणें म्हणजे पाठ थोपटून दार लावून घेणें होय. स्थानिक मंडळींचे दोष उघड आहेत. पुष्कळदां आंतल्या माणसाचें वाक्य सांगणें तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकूं येतें. एकाद्या प्रसिद्ध नटाची लकब जशीच्या तशी उचललेली असते. पार्श्वसंगीत इतकें मोठें कीं त्याखालीं शब्द दबून जावे. हें त्यांना सांगितलें पाहिजे. मात्र "तुमचें नाटक पडलें" असें मोघम न सांगतां, दुसऱ्या अंकांत बहीण रडत होती तेव्हां भाऊ काय करीत होता हें मला दिसलें नाहीं, कारण तो अंधारांत होता, असें नेमकें सांगावें. नट त्यावर रागावत नाहींत, असा माझा अनुभव आहे. दिवे सांभाळणारा तर बहुधा वहीच काढतो. त्याच्याशीं नाटकाविषयीं बोलणारें आजवर कोणी भेटलेलेंच नसतें.

तालमीला जातां आलें तर अवश्य जावें. रात्रीं आठनंतर एकाद्या शाळेच्या वर्गांत बाकें भिंतीशीं सारून या मंडळी तालीम करीत असतात. बँकेंतला कारकून, औषधाच्या दुकानांतला मुलगा, दोन महाविद्यालयीन मुली, एक शिंपी. अगोदर विचारून गेल्यास कोणी नाहीं म्हणत नाहीं. कोपऱ्यांत बसण्यास जागा देतात आणि चहाहि देतात. तेथें एकच प्रवेश आठ वेळां होतो. आठव्या वेळीं काय बदललें, हें ओळखतां आलें म्हणजे आपली परीक्षा झाली.

नानासाहेबांना मीं गेल्या खेपेस राज्य नाट्यस्पर्धेला नेलें. महाराष्ट्र राज्य होण्यापूर्वींपासून ही स्पर्धा चालत आली आहे, व सांगली हें तिचें एक केंद्र असतें. पहिल्या अंकांत ते दोनदां घड्याळाकडे पाहते झाले. मध्यंतरांत मीं त्यांना एवढेंच सांगितलें कीं, आतां नायकाकडे पाहूं नका, त्या पाणी आणून देणाऱ्या सुनेकडे पाहा. नाटक संपल्यावर घरीं येईपर्यंत ते एक शब्द बोलले नाहींत. दारापाशीं आल्यावर म्हणाले, "मास्तर, ती पोरगी दुसऱ्यांदां पाणी आणते तेव्हां पेला रिकामा असतो. मुद्दाम, कीं चुकून?"

मला तें दिसलें नव्हतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघे त्या मंडळींच्या दिग्दर्शकाला विचारावयास गेलों. तो एका कचेरींत नोकरीस आहे. त्यानें कामावरून मान वर केली, आमच्याकडे थोडा वेळ पाहिलें आणि म्हणाला, "काका, बसा. चहा सांगतों."